खिडकी बदलायची की तिला आतून जोड द्यायची?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : पश्चिम लंडनमध्ये राहणाऱ्या एका वाचक भगिनींचे हे पत्र आहे. गेल्या वर्षी त्यांनी आणि त्यांच्या पतीने व्हिक्टोरिया राणीच्या काळातले, रांगेतले एक जुने घर विकत घेतले. घर पूर्णपणे त्यांच्या मालकीचे आहे, परंतु तो भाग 'कॉन्झर्व्हेशन एरिया'त, म्हणजे जुने रूप जपण्यासाठी राखलेल्या भागात, येतो. एकूण नऊ खिडक्या आहेत आणि सगळ्यांना एकेरी काच आहे. त्यांपैकी सहा मूळच्या लाकडी 'सॅश' म्हणजे दोरी आणि वजनाच्या आधाराने वर-खाली सरकणाऱ्या आहेत, तर मागच्या स्वयंपाकघराच्या तीन खिडक्या आधीच्या मालकाने कधीतरी बदललेल्या, साध्या आणि आता कुजत चाललेल्या आहेत. समोरच्या रस्त्यावर रात्रभर बस धावतात. हिवाळ्यात खिडक्यांतून गार वारा येतो, काचा थंड पडतात, सकाळी काचांवरून पाणी ओघळते आणि चौकटीच्या खालच्या कडेला काळी बुरशी धरते. पतीने नऊही खिडक्या काढून यू-पीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या चौकटीच्या) डबल ग्लेझिंगच्या, म्हणजे दुहेरी काचेच्या, बसवण्यासाठी ११,४०० पौंडांचा दर आणला असून, येत्या शुक्रवारपर्यंत सही केल्यास त्यावर १५ टक्के सूट मिळणार आहे. दुसऱ्या एका व्यावसायिकाने सर्व खिडक्यांना सेकंडरी ग्लेझिंग करण्यासाठी, म्हणजे जुनी खिडकी तशीच ठेवून आतून काचेची दुसरी चौकट बसवण्यासाठी, ५,६०० पौंड सांगितले आहेत. वाचक भगिनींचा जुन्या खिडक्यांवर जीव आहे. पतीच्या मते मात्र सेकंडरी ग्लेझिंग म्हणजे जुन्या कापडाला लावलेले ठिगळ आहे. डिसेंबरमध्ये साताऱ्याहून सासूबाई तीन महिन्यांसाठी येणार आहेत. त्यांना संधिवात आहे आणि त्यांची सोय रस्त्याकडच्या खोलीत केली आहे. "दोहोंपैकी चांगले कोणते, एवढेच सांगा," असे त्या लिहितात.

उत्तर :

तुमच्या मूळ प्रश्नाआधी मी शुक्रवारबद्दल लिहिते, कारण तो जवळ आला आहे. त्या दिवशी सही करू नका. घरी येऊन केलेला करार १४ दिवसांत रद्द करता येतो, असे अनेकांनी ऐकलेले असते. तो हक्क खराही आहे, पण गिऱ्हाइकाच्या मापाने खास बनवलेल्या वस्तूंना तो सहसा लागू होत नाही आणि खिडक्या तर मापानेच बनतात. म्हणजे एकदा मापे घेऊन काम सुरू झाले की मागे फिरणे अवघड होते. जो दर शुक्रवारी परवडतो तो पुढच्या महिन्यातही विक्रेत्याला बहुधा परवडतोच, आणि नाही परवडला तरी शंभर वर्षांहून जुन्या सहा खिडक्या घाईने उचकटून काढण्याचे ते कारण होऊ शकत नाही. पुढे ज्या कोणाला काम द्याल, त्याला आगाऊ रकमेचा काही भाग क्रेडिट कार्डाने द्या. १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत किमतीच्या खरेदीत, काम बिघडले किंवा व्यवसायच बंद पडला तर १९७४च्या कायद्याने कार्ड देणारी बँकही जबाबदार धरता येते.

आता तुमचा प्रश्न. तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि मला त्यात एक नव्हे, तर चार तक्रारी दिसल्या: खोलीत येणारा गार वारा, थंड पडणारी काच, बसचा आवाज आणि काचेवरचे पाणी. चारही खिडकीपाशीच जाणवतात, त्यामुळे त्यांचे कारणही एकच असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ही चार वेगवेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत. नऊही खिडक्यांना एकच औषध दिले पाहिजे हेसुद्धा तुम्ही दोघांनी न बोलता गृहीत धरले आहे. तुमच्या मतभेदाचे मूळ मला तिथे दिसते.

गार वाऱ्यापासून सुरुवात करू. सॅश खिडकीतून जाणारी उष्णता काचेतून जाते तशी फटींतूनही जाते: दोन झडपा मध्ये जिथे भेटतात तिथून, कडेच्या पट्ट्यांमधून, खालच्या पाटापाशी. वारा सुटलेल्या संध्याकाळी एक उदबत्ती पेटवा आणि ती खिडकीच्या चारही कडांजवळून हळूहळू फिरवा. धूर जिथे आडवा होतो, तिथे फट आहे. ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाने इंग्लिश हेरिटेज या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेसाठी जुन्या सॅश खिडकीची चाचणी केली होती. फटी नीट बुजवून ब्रशच्या पट्ट्या बसवल्यावर त्या खिडकीतून होणारी हवेची गळती ८६ टक्क्यांनी कमी झाली. हे काम सुतार एका खिडकीसाठी साधारण अर्ध्या दिवसात करतो, आणि ते करताना दोऱ्या बदलणे, कुजलेला तुकडा कापून नवा जोडणे अशी दुरुस्तीही होऊन जाते. शिवाय व्यावसायिकाकडून घरात करून घेतलेल्या या फटी बुजवण्याच्या कामावर ३१ मार्च २०२७ पर्यंत व्हॅट शून्य आहे. नव्या खिडक्यांना आणि सेकंडरी ग्लेझिंगला ती सवलत नाही.

फटी बुजल्या तरी काच थंडच राहते, हे खरे. काचेतून किती उष्णता निसटते ते 'यू-व्हॅल्यू'ने मोजतात: आत आणि बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट जातात, तो आकडा. एकेरी काचेच्या लाकडी खिडकीची यू-व्हॅल्यू सुमारे ४.८ असते. इंग्लंडच्या सध्याच्या बांधकाम नियमांनुसार घरातल्या जुन्या खिडकीच्या जागी येणाऱ्या नव्या खिडकीची ती साधारणपणे १.४ पेक्षा जास्त असू नये. जुन्या खिडकीला आतून साध्या काचेचे सेकंडरी ग्लेझिंग केले तर आकडा २.७च्या आसपास येतो, आणि आतल्या काचेवर उष्णता परतवणारा 'लो-ई' थर असेल तर १.८च्या आसपास. तुमच्या पतीच्या मनातले 'ठिगळ' बहुधा साध्या काचेचे आहे, आणि तुम्हाला मिळालेला दर कोणत्या काचेचा आहे हे पत्रात कुठेच नाही. ते आधी विचारा.

या आकड्यांचे पैशांत रूपांतर केल्याशिवाय त्यांना अर्थ येत नाही. तुमच्या नऊ खिडक्या मिळून सुमारे १४ चौरस मीटर होत असतील असे मी धरले आहे. लंडनचा सर्वसाधारण हिवाळा, ९० टक्के कार्यक्षमतेचा गॅस बॉयलर आणि गॅसचा दर युनिटला साडेसहा पेन्स धरून ढोबळ हिशेब केला, तर डबल ग्लेझिंगने वर्षाला सुमारे १६५ पौंड वाचतात, लो-ई सेकंडरीने सुमारे १४५ आणि साध्या काचेच्या सेकंडरीने सुमारे १००. फटी बंद झाल्याची बचत यात धरलेली नाही, पण ती दोन्हीकडे मिळणारच. म्हणजे डबल ग्लेझिंग आणि चांगले सेकंडरी यांच्यातला फरक वर्षाला वीस पौंडांच्या घरात आहे, आणि कोटेशनमधला फरक ५,८०० पौंडांचा. शुक्रवारची सूट धरली तरी चार हजारांहून जास्तच. तुमच्या खिडक्या लहान-मोठ्या असतील, गॅसचा दर बदलेल, पण हे प्रमाण फारसे बदलणार नाही. खिडक्यांवर खर्च केलेला पैसा गॅसच्या बिलातून परत येईल या आशेने कोणीही खिडक्या बदलू नयेत, असे मला मनापासून वाटते. त्या बदलायच्या तर ऊब, शांतता आणि कोरड्या भिंती यांच्यासाठी बदलाव्यात.

आवाजाच्या बाबतीत तर मला तुमच्या पतीशी स्पष्टपणे असहमत व्हावे लागेल. डबल ग्लेझिंगच्या दोन काचांमध्ये साधारण १६ मिलिमीटरची पोकळी असते. उष्णता अडवायला ती उत्तम आहे, परंतु बसच्या इंजिनासारख्या खोल, घरघरणाऱ्या आवाजापुढे त्या दोन जवळजवळच्या, सारख्याच जाडीच्या काचा एकत्रच थरथरतात आणि आवाज आत पोचवतात. सेकंडरी ग्लेझिंगमध्ये आतली काच जुन्या काचेपासून १०० ते २०० मिलिमीटर लांब बसवता येते. तिची जाडी वेगळी ठेवता येते, मध्ये आवाज शोषणारा पडदा असलेली लॅमिनेटेड काच वापरता येते, आणि मधल्या पोकळीच्या कडांना आवाज शोषणारे अस्तरही लावता येते. म्हणूनच रहदारीच्या रस्त्यावरच्या घराला नीट बसवलेले सेकंडरी ग्लेझिंग साध्या डबल ग्लेझिंगपेक्षा सरस ठरते. आवाज १० डेसिबलने उतरला की कानाला तो साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो. या दोन उपायांमधला फरक तेवढा सहज असू शकतो. मात्र दर देणाऱ्याला पोकळी किती मिलिमीटरची मिळेल हे विचारायलाच हवे, कारण आतली काच जुन्या चौकटीला चिकटूनच बसवली तर हा सगळा फायदा हातचा जातो.

पैसे खर्च करण्यापूर्वी एक प्रयोग दोघांनी मिळून करा. रस्त्याकडच्या खोलीतल्या खिडकीच्या सगळ्या फटींवर रंगारी वापरतात ती कागदी चिकटपट्टी लावा आणि त्या खोलीत एक रात्र झोपा. आवाज बराच उतरला तर तो फटींतून येत होता, आणि तुमचे काम स्वस्तात होईल. उतरला नाही तर तो काचेतून येतो आहे, किंवा जुन्या शेकोटीच्या धुरांड्यातून अथवा भिंतीतल्या झरोक्यातूनही येत असेल. तसे असेल तर कोणतीही खिडकी बसवली तरी निराशा होईल. दोघांनी एकाच खोलीत झोपून एकच आवाज ऐकला की वादाला काहीतरी ठोस आधार मिळतो.

राहिले पाणी. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण आपल्या घरांत याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज असतात आणि मी स्वतः एकदा चुकले आहे. काचेवरचे पाणी काचेतून येत नाही. ते आपल्या श्वासातून, अंघोळीतून, कुकरच्या शिट्ट्यांतून, मंद आचेवर तासभर उकळणाऱ्या आमटीतून आणि रेडिएटरवर वाळत घातलेल्या कपड्यांतून येते. खोलीचे तापमान २० अंश आणि हवेतली आर्द्रता ६० टक्के असेल, तर १२ अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी धरते. बाहेर शून्य अंश असताना एकेरी काचेची आतली बाजू पाच-सहा अंशांपर्यंत उतरते. लो-ई सेकंडरीची आतली काच पंधराच्या आसपास राहते आणि डबल ग्लेझिंगची सोळाच्या. म्हणजे दोन्ही उपायांनी काच कोरडी राहील. पण हवेतली वाफ कुठे जाईल? काही वर्षांपूर्वी आमच्या जुन्या घरात मी मोठ्या उत्साहाने सगळ्या फटी बंद केल्या, काचा कोरड्या झाल्या म्हणून समाधान मानले, आणि दोन महिन्यांनी बाहेरच्या भिंतीला लागून ठेवलेल्या कपाटामागे हातभर बुरशी सापडली. वाफेने पुढची थंड जागा शोधली होती, एवढेच.

म्हणून खिडक्यांच्या आधी, निदान त्यांच्याबरोबर, स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात हवा खरोखर बाहेर टाकणारे पंखे बसवा. शेगडीच्या वर बसवलेले पुष्कळसे 'कुकर हूड' तीच हवा जाळीतून गाळून परत खोलीत सोडतात. वास थोडा कमी होतो, वाफ तेवढीच राहते. कपडे वाळवायचेच असतील तर दार बंद करून, पंखा लावून, एकाच खोलीत वाळवा. इंग्लंडमध्ये १५ जून २०२२ पासून लागू झालेल्या वायुवीजनाच्या नियमांमुळे नव्या खिडकीच्या वरच्या पट्टीत हवेसाठी लहान झरोका, म्हणजे 'ट्रिकल व्हेंट', बहुतेक वेळा ठेवावाच लागतो. "गार वारा येतो" म्हणून तो कायमचा बंद करून ठेवणारी अनेक घरे मी पाहिली आहेत. कृपा करून तसे करू नका.

सेकंडरी ग्लेझिंगची एक खोच इथेच सांगते. आतली काच जितकी घट्ट बसेल तितके चांगले, पण बाहेरच्या जुन्या खिडकीला थोडा श्वास घेऊ द्यावा. दोन्ही घट्ट बंद केल्या तर आतून निसटलेली वाफ मधल्या पोकळीत अडकते आणि जुन्या काचेवर पाणी धरते. म्हणजे ज्या खिडकीला सेकंडरी बसवणार आहात, तिच्या जुन्या झडपांच्या फटी बुजवण्यावर पैसे घालवू नका. ते काम बाकीच्या खिडक्यांवर करा. आणि आतली काच उघडता येईल अशीच घ्या, कारण मधला भाग पुसावा लागतो, उन्हाळ्यात खिडकी उघडावी लागते, आणि वरच्या मजल्यावरच्या झोपण्याच्या खोलीत आग लागल्यास खिडकीतूनच बाहेर पडण्याची वेळ येऊ शकते. अशा सुटकेच्या खिडकीचा उघडा भाग निदान ०.३३ चौरस मीटर, आणि रुंदी व उंची दोन्ही निदान ४५० मिलिमीटर असावी लागते. सासूबाईंना उचलावी लागेल अशी वर-खाली सरकणारी जड काच देऊ नका. दारासारखी उघडणारी किंवा आडवी सरकणारी त्यांच्या हातांना सोपी जाईल.

"नवी खिडकी म्हणजे टिकाऊ खिडकी" हे तुमच्या पतीचे गृहीतकही तपासून पाहू. तुमच्या सॅश खिडक्यांचे लाकूड बहुधा थंड प्रदेशात सावकाश वाढलेल्या जुन्या पाइनचे आहे. ते दाट असते, आणि त्या खिडकीचा प्रत्येक भाग सुटा काढून दुरुस्त करता येतो. डबल ग्लेझिंगच्या दोन काचा कडेने कायमच्या बंद केलेल्या असतात. वीस-पंचवीस वर्षांत ती कड हवा आत घेऊ लागली की मध्ये धुके साचते, ते पुसता येत नाही आणि काचेची पूर्ण जोडीच बदलावी लागते. एवढ्यावरून डबल ग्लेझिंग वाईट ठरत नाही. पण ज्या खिडक्यांनी शंभरावर हिवाळे काढले आहेत, त्या 'जुन्या' म्हणून टाकून देताना त्यांच्या जागी येणाऱ्या वस्तूचे आयुष्यही विचारावे.

कायद्याकडेही पाहावे लागेल. कॉन्झर्व्हेशन एरियात राहूनही घराच्या मालकाला सारख्या दिसणाऱ्या खिडक्या परवानगीशिवाय बदलता येतात, परंतु अनेक ठिकाणी कौन्सिलने 'आर्टिकल ४'चा आदेश काढून ती मुभा काढून घेतलेली असते. तुमच्या रस्त्याला तो लागू आहे का, हे कौन्सिलच्या नियोजन विभागाला लेखी विचारा. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका, कारण चूक निघाली तर नोटीस तुमच्या नावाने येईल. आतून बसवलेल्या सेकंडरी ग्लेझिंगला तुमच्या घरात नियोजन परवानगीची गरज नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाचे घर 'लिस्टेड', म्हणजे ऐतिहासिक म्हणून सरकारी यादीत नोंदलेले, असेल तर मात्र आतल्या कामालाही संमती लागू शकते, आणि तिच्याशिवाय लिस्टेड घरातल्या खिडक्या बदलणे हा फौजदारी गुन्हा आहे. लीजवरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आधी लीज उघडून खिडक्या कोणाच्या मालकीच्या आहेत ते पाहावे. पुष्कळदा त्या इमारतीच्या मालकाच्या असतात.

हे सगळे लक्षात घेऊन, मी तुमच्या जागी असते तर घराचे दोन भाग केले असते. मागच्या तीन कुजलेल्या खिडक्यांबाबत तुमच्या पतीचे म्हणणे बरोबर आहे: त्या वाचवण्यासारख्या नाहीत. सर्वांत जास्त वाफही तिथेच तयार होते. तिथे डबल ग्लेझिंगच्या नव्या खिडक्या बसवा आणि काम झाल्यावर 'फेन्सा' किंवा 'सर्टास' या खिडक्या बसवणाऱ्यांची नोंदणी करणाऱ्या योजनांचे, काम नियमांनुसार झाल्याचे प्रमाणपत्र हातात घ्या, कारण घर विकताना समोरचा वकील ते हमखास मागतो. रस्त्याकडच्या सॅश खिडक्यांची दुरुस्ती करून त्यांना लो-ई थराच्या, शक्य तर लॅमिनेटेड काचेचे, निदान १०० मिलिमीटर पोकळीचे सेकंडरी ग्लेझिंग करा. मागच्या बाजूला शांत खोलीत एखादी सॅश असेल तर तिथे फटी बुजवणे आणि जाड, अस्तर लावलेला पडदा एवढ्याने या हिवाळ्यापुरते भागेल. जुन्याच झडपेत बसणारी, जेमतेम सहा ते आठ मिलिमीटर जाडीची निर्वात काच हाही तिसरा मार्ग आहे. ती महाग आहे, आणि काच जड झाली की आतली वजनेही बदलावी लागतात, पण पुढे कधी तुम्हाला आत दुसरी चौकट नकोशी झाली तर तिचा विचार करता येईल.

तुमच्या पतीला हे सांगताना "माझे बरोबर निघाले" असा सूर येऊ देऊ नका, अशी माझी विनंती आहे. आईला थंडी वाजू नये म्हणून त्यांनी धावपळ करून दर आणला आहे. तीन खिडक्यांच्या बाबतीत त्यांचा निर्णय योग्य आहे, हे आधी सांगा.

मापाने बनणारे काम डिसेंबरच्या आत पूर्ण होईलच असे नाही. तोपर्यंत सासूबाईंच्या खोलीपुरती चुंबकाच्या पट्टीने चौकटीला चिकटणारी अॅक्रिलिकची पारदर्शक तावदाने मापाने कापून आणा. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनाही तोच सर्वांत सोयीचा उपाय आहे, कारण घर सोडताना ती काढून नेता येतात. सासूबाईंचा पलंग खिडकीपासून हलवून आतल्या भिंतीशी ठेवा आणि पडदा रेडिएटरवर न लोंबता त्याच्या वरच संपेल इतकाच ठेवा, नाहीतर खोलीची ऊब पडद्यामागून थेट काचेकडे जाईल. सकाळी त्या उठल्यावर दहा मिनिटे खिडकी उघडून हवा बदलायला मात्र विसरू नका.